तान्ह्या पोळ्याची पैज

पांढुर्णा,
दि. २८ जुलै २०२५

तीर्थस्वरूप सुधाताईस,
मोरेश्वरचा सा. न. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणानं कळवतो की माझ्या पांढऱ्या सदऱ्याचं वरून दुसरं बटन गेले अकरा दिवस एका धाग्यावर लटकून आहे. घरात सुई आहे, दोरा आहे, बटन तर आहेच. सुईत दोरा ओवायला मूल नाही. मी प्रयत्न केला. प्रतिभानं दोन चष्मे बदलून केला. शेवटी आम्ही नवराबायको सुई हातात धरून गल्लीत निघालो. समोर सासू ब्याऐंशीची आणि सून साठीची. त्यांनी आपल्याही दोन सुया आमच्या हाती दिल्या, की कोणी मिळालंच तर आमच्याही ओवून आणा. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येईस्तोवर आमच्याजवळ सात सुया जमल्या होत्या आणि दोरा एकीतही नव्हता. मोहगावात आपली आजी अंगणात नुसती सुई वर धरायची तर चार पोट्टे भांडत धावायचे, हे मी प्रतिभाला सांगितलं. ती म्हणाली, त्या चौघांतला एक आता पंचावन्नचा होऊन माझ्या शेजारी चालून राहिला, बाकीच्या तिघांचं विचारू नका.

तू म्हणशील, मास्तर आहेस, शाळेत पोट्टे असतील. आहेत, अकरा. पण सरकारी वेळेत मास्तरांनी बटन लावून घेतलं अशी तक्रार वर गेली, तर चौकशीला साहेब येईल, आणि त्यालाही चष्मा असेल.

ह्या अकराचं मला काही समजेनासं झालं आहे. मी ह्या शाळेत रुजू झालो तेव्हा पटावर एकसष्ट होते. सगळे सांगतात, इंग्रजी शाळेनं पळवले. म्हणून एका सकाळी त्या शाळेची पिवळी गाडी बघायला उभा राहिलो. गाडीत जागा चौदा, पोरं पाच. ड्रायव्हर प्रत्येक दारासमोर जुन्या सवयीनं हॉर्न वाजवतो आणि आतून म्हातारं माणूस हात हलवून सांगतं की आमच्याकडे कोणी नाही, पुढं जा. मग पळवले कोणी? मे महिन्यात घरोघरी जाऊन मुलं मोजायचं काम आमच्याकडे असतं. एका बाईंनी दोन मुलं लिहायला सांगितली. वय विचारलं तर बेचाळीस आणि अडतीस. मी म्हटलं, बाई, इथं राहणारी पाहिजेत. त्या रागावल्या. म्हणाल्या, राहतात इथंच, असतात पुण्याला. मी पेन हातात धरून त्या रकान्याकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. त्यांनी मला पाणी आणून दिलं.

मयूरचा हैद्राबादेहून फोन आला होता. तू काही पैज लावली असं अर्धं बोलला आणि आवाज गेला. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि त्याला नीट सांगता येत नाही. तेव्हा काय भानगड करून राहिलीस ते तूच लिही.

लोभ असावा, बटन तुटलं तरी तो तुटू नये.

तुझा,
मोरेश्वर

---

सौसर,
दि. ३ ऑगस्ट २०२५

चि. मोरेश्वर यास,
सुधाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सोबत राखी आहे. गाठ मारूनच पाठवली, नुसती हातात सरकव. तुमच्याकडं सुई ओवत नाही, तर गाठ कोण मारेल. बटनाचं मोठं वाईट वाटलं. मी काही कामाची नाही. मोतीबिंदू काढल्यापासून मला पार बस स्टँडवरची पाटी दिसते, सुईचं भोक दिसत नाही.

पैजेची गोष्ट खरी आहे. तुझे भावजी गेल्यापासून, म्हणजे पाच वर्षं झाली, मयूर मागं लागून राहिला की आई, सौसरचं घर बंद कर अन् आमच्याकडं ये. आणि पाच वर्षं मी गल्लीत सगळ्यांसमोर सांगत आली की मी इथून हलत नाही. गेल्या महिन्यात रामाजींच्या ओट्यावर बसलो होतो. बोलता बोलता मी बोलून गेली, की ह्या तान्ह्या पोळ्याला माझ्या दारात नंदी घेऊन एक जरी पोर बोजाऱ्याचा खाऊ मागायला आलं तर मी इथंच राहीन. एकही आलं नाही, तर समजेन की इथलं आपलं झालं, आणि कुलूप लावून पोराकडं जाईन. सगळे हसले. पण भाऊराव पटवारी निवृत्त झाले तरी त्यांचा हात निवृत्त झाला नाही. त्यांनी ते तिथंच कॅलेंडरमागं लिहिलं, मला सही करायला लावली आणि खाली सगळ्या गल्लीच्या सह्या घेतल्या.

आता तुला गल्ली माहीत आहे. अकरा घरं, सोळा माणसं. सगळ्यात लहान मी, एकोणसाठची. मला अजून पोरगी म्हणतात. ह्या पोरीला रोज सकाळी सहा घरच्या गोळ्या मोजून डबीत भराव्या लागतात, विजेचं बिल वाचून दाखवावं लागतं, अन् गॅसवाला आला की गल्लीभर ओरडावं लागतं, कारण बाकीच्यांना त्याची घंटी ऐकू येत नाही. मला ऐकू येत नाही ती वेगळी गोष्ट, मी त्याला बघून ओरडते. प्रत्येकाच्या माळ्यावर लाकडी नंदी पडून आहे, ओढायला पोर नाही. मागल्या साली रामाजींची दोन नातवंडं आली होती. त्यांच्या बापाची बदली जबलपूरला झाली. तेव्हा यंदा काय होणार ते दिसतंच आहे. नावापुरते पावभर बत्तासे आणून ठेवले आहेत.

बत्ताशांवरून आठवलं. १९७८ सालच्या तान्ह्या पोळ्याला मला गोवर निघाला होता. तू आपला एक नंदी घेऊन मोहगावभर फिरला आणि प्रत्येक दारात सांगितलं की ताईचाही द्या, ती घरी आहे. माझ्या नावाचे सत्तावीस बत्तासे तू विहिरीमागं बसून खाल्ले. तू अजून एकोणीसच म्हणतोस. सत्तावीस होते. मी खिडकीतून मोजले.

प्रतिभाला सांग, धुऊन धुऊन मऊ पडलेली जुनी सुती लुगडी असतील तर माझ्यासाठी ठेव. कशाला, ते विचारू नको.

आणि ह्या पैजेत तू पडू नको. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून वेगळ्या ओळीत लिहून ठेवते.

प्रतिभाला आशीर्वाद. पत्रात माया कमी दिसली तर शाई संपत आली म्हणून समज.

तुझी,
सुधाताई

---

पांढुर्णा,
दि. ९ ऑगस्ट २०२५

चि. मयूर यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचं पत्र आलं. ती मला पैजेत पडू नको म्हणते. मी तिला तुझ्यापेक्षा बावीस वर्षं जास्त ओळखतो. लहानपणी ती दुसरी पुरणपोळी नको म्हणायची तेव्हा तिला दोन पाहिजे असायच्या. घर सोडायचं तिच्या जिवावर आलं आहे आणि तोंडानं तिला कोणाला मदत मागता येत नाही. सहा घरच्या गोळ्या एका पोरीच्या भरवशावर आहेत, आणि ती पोरगी तू हैद्राबादेला घेऊन चालला. तिथं ती चौदाव्या मजल्यावर बसून काय मोजेल?

मला एवढंच कळव की अटीतलं पोर सौसरच्याच गल्लीतलं पाहिजे असं कुठं लिहिलं आहे का. उत्तर कागदावर दे. मोबाइलवर दिलंस तर ते इतकं बारीक येतं की मी वाचलं असं समजू नको.

ती तिकडे गेली तर मला पावशेर टोमण्यांसकट पत्र लिहिणारं जवळपास कोणी उरणार नाही. हे कारण मुद्दाम शेवटी लिहिलं आहे.

सौ. वृषालीस आशीर्वाद. तुझ्या मनात जागा असू दे, घरात तर ती भाड्यानं मिळतेच.

तुझा मामा,
मोरेश्वर

---

हैद्राबाद,
दि. १४ ऑगस्ट २०२५

ती. मामाजींना सा. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय नाही. ऑफिसच्या प्रिंटरमधला कागद काढून लिहून राहिलो, चूकभूल समजून घ्या.

मामाजी, आईनं पडू नका म्हटलं आहे तर पडू नका, प्लीज. अटीबद्दल म्हणाल तर आई पोर म्हणाली, कुठलं ते म्हणाली नाही. पण त्याचा अर्थ तुम्ही काही करा असा नाही. मी आईचं दोन सप्टेंबरचं नागपूरहून तिकीट काढून ठेवलं आहे. तिच्याच सांगण्यावरून. म्हणजे तिनं सांगितलं असं नाही, तिनं नाही म्हटलं नाही.

वृषालीची तब्येत ठीक आहे. तुम्ही विचारलं नव्हतं, पण ठीक आहे. फार उभी राहत नाही एवढंच. म्हणजे काही झालेलं नाही. ठीकच आहे.

मामीजींना नमस्कार. पत्र लहान आहे, नमस्कार मोठा समजावा.

तुमचा,
मयूर

---

पांढुर्णा,
दि. २५ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप ताईस,
विजयी मोरेश्वरचा सा. न. वि. वि.

परवा तुझ्या दारात जे घडलं त्याची खबर तुला देण्यात अर्थ नाही, तू उंबऱ्यातच उभी होतीस. पण त्यामागची तयारी तुला माहीत नाही आणि कोणी मला विचारूनही नाही राहिलं, म्हणून लिहितो.

तान्हा पोळा आणि आमची गोटमार एकाच दिवशी. जाम नदीवर दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले की इथल्या आयांचा जीव थाऱ्यावर नसतो. मी घरोघरी जाऊन सांगितलं, त्या दिवशी पोरं सौसरला नेतो, संध्याकाळी परत आणतो. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कुठल्याही उपक्रमाला पालकांनी इतक्या लवकर होकार दिला नाही. एकीनं तर डबा बांधून नवराही सोबत नेता का विचारलं. अकरापैकी नऊ निघाले. पांढुर्ण्याकडं येणाऱ्या बसा टपापर्यंत भरलेल्या आणि सौसरकडं जाणारीत आम्ही दहा अन् कंडक्टर. त्यानं विचारलं, सुट्टीच्या दिवशी मास्तर कुठं चालले. मी म्हटलं, सौसरला पोट्ट्यांचा तुटवडा आहे, माल पोचवून राहिलो.

लाकडी नंदी चौघांजवळच होते. बाकीच्यांना सांगितलं होतं, चाक असलेलं काहीही आणा. वीरेंद्रनं जेसीबी आणला आणि त्याला झूल घातली. तिसरीतल्या डिंपलजवळ काहीच नव्हतं, तर तिनं चपलांच्या खोक्याला शिंगं काढून दोरी बांधली. त्याला चाकंही नव्हती. पण सगळ्यात आधी तुझ्या पायरीवर तेच पोचलं.

मी कोपऱ्यावरच्या टपरीआड उभा होतो. तू दार उघडलंस, नऊ पोरं बघितलीस आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या एका क्षणासाठी बसचं सगळं भाडं वसूल झालं. पुढचं तर माझ्याही हिशेबात नव्हतं. रामाजी गुडघ्याला पट्टा बांधून आपला नंदी ओढत आले. मग भाऊराव, एक्याऐंशीचे. मग एकेका दारातून एकेक म्हातारं, मागं एकेक नंदी. पंधरा वर्षं तेल न दिलेली चाकं आणि त्याहून जुने गुडघे, ह्यातलं कोण वाजून राहिलं ते सांगता येत नव्हतं. भाऊरावांनी कॅलेंडरमागं नोंद केली, पोरं नऊ, म्हातारे दहा, आणि जाहीर केलं की सुधाबाई जिंकल्या, राहिल्या.

दोन गोष्टी मात्र मला कळल्या नाहीत. बत्तासे चौथ्या पोरालाच संपले, मग तू आतून डबा आणलास तो चिंचगोळ्यांचा. दोन किलो तरी असतील. एकोणसाठाव्या वर्षी एवढी चिंच कोण खातं? आणि भाऊरावांनी निकाल सांगितला तेव्हा तुझा चेहरा, आपला नंबर चुकून दुसऱ्याच्या नावानं वाचला गेल्यासारखा झाला. आनंदात होतं असं कधी कधी, प्रतिभा म्हणाली. ती आनंदाबद्दल क्वचितच बोलते, म्हणून ऐकून घेतलं.

परतीच्या बसमध्ये, सुट्टीचा दिवस असल्यामुळं नियम न मोडता, डिंपलनं सातही सुया ओवल्या. बटन लागलं आहे.

लुगडी प्रतिभानं काढून ठेवली आहेत. लोभ आता सौसरलाच मुक्कामी असू दे.

तुझा,
मोरेश्वर

---

सौसर,
दि. २७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी

चि. मोरेश्वर यास,
आशीर्वाद आहेत, पण आज त्यांचा सूर वेगळा आहे.

बटन लागलं, बरं झालं. आता माझं काय उसवलं ते वाच. वाचताना प्रतिभाशिवाय कोणाला दाखवू नको, आणि तोंडातून शब्द काढू नको. मी कोणाला सांगणार नाही असं वचन दिलं होतं. ते आज तुझ्यापायी मोडून राहिली.

वृषालीला दिवस गेले आहेत. तीन महिने पुरे व्हायला अजून बारा दिवस आहेत. मागल्या दिवाळीत तुला पेढे पाठवले होते ते आठवत असेल, आणि त्यानंतरचं माझं चार ओळींचं पत्रही आठवत असेल. तेव्हा मीच गल्लीभर पेढे वाटत फिरली होती. ह्या वेळी त्या पोरीनं रडून फुटलेल्या अक्षरांत लिहिलं की आई, कोणालाही सांगू नका, मामाजींनाही नाही. डॉक्टरनं तिला पलंगावरून उठू नको म्हटलं आहे. तिला आई नाही. मयूरला भात लावता येतो, त्याच्यापुढं काही नाही. मला जायचं होतं, मोरेश्वर. मला कोणी नेऊन नव्हतं राहिलं. मला जायचं होतं.

पण पाच वर्षं मी ज्या ओट्यावर बसून छाती ठोकली, तिथून कारण न सांगता कशी उठू? कारण सांगता येत नाही, आणि खोटं बोलली तर गल्लीतल्या बाया डोळ्यांनी धुऊन काढतात. म्हणून ती पैज. ज्या गल्लीत पंधरा वर्षांत पाळणा हलला नाही तिथं पोर कुठून येणार, असं माझं गणित. पेटी भरून ठेवली होती. चिंचगोळ्या तिच्यासाठी वळल्या होत्या, तिला आंबटाशिवाय काही जात नाही. त्या तुझ्या वीरेंद्रनं एकट्यानं सतरा खाल्ल्या. लुगडी दुपट्यांसाठी. आधी शिवू नये म्हणतात, म्हणून नुसती जमवून राहिली.

तू सत्तेचाळीस वर्षांपूर्वी जे केलं तेच परवा केलं. मी कुठं आहे, कशात आहे ते न बघता माझ्या नावानं दारोदार फिरला.

डोळ्यांत पाणी आलं ते कशाचं होतं, ते आता मलाही नीट सांगता येत नाही. त्या खोक्याच्या शिंगवाल्या पोरीनं दोरी माझ्या हातात दिली अन् बोजारा मागितला, तेव्हा क्षणभर वाटलं की राहावं. मग दहा म्हाताऱ्यांना नंदी ओढताना पाहिलं आणि काय वाटलं ते माहीत नाही.

दोन तारखेचं तिकीट मयूरनं अजून ठेवलं आहे. इथं रोज सकाळी रामाजी विचारतात, सुधाबाई, राहिलात ना. तू माझी पैज जिंकलीस, आता तूच ती हरवून दे. आणि कारण सांगायचं नाही.

प्रतिभाला आशीर्वाद. माया आहेच, ती आटायला तुझ्याकडून अजून दोन-तीन चुका लागतील.

तुझी,
सुधाताई

---

पांढुर्णा,
दि. ५ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप ताईस, मु. हैद्राबाद,
मोरेश्वरचा सा. न. वि. वि.

पाकिटावर सौसर लिहिलं गेलं होतं, ते खोडून हैद्राबाद केलं. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, नक्की कुठं जायचं आहे. मी म्हटलं, राहते सौसरला, असते हैद्राबादेला. म्हणालो आणि मग मलाच त्या मे महिन्यातल्या बाई आठवल्या. त्यांच्या घरी जाऊन माफी मागायची आहे. कशाबद्दल ते अजून ठरलं नाही.

रविवारी रामाजींच्या ओट्यावर मी काय बोललो ते तू आत बसून ऐकलं असशील असं वाटलं होतं. पण तू नंतर विचारलंस की गॅसवाला येऊन गेला का, तेव्हा समजलो. तर ऐक. मी उभा राहून कबूल केलं की नऊही पोरं पांढुर्ण्याची, मी तिकीट काढून आणलेली. मोजणीच्या नियमाप्रमाणं मुक्कामी नसलेला माणूस त्या गावात धरता येत नाही, म्हणून नऊ वजा करावेत. उरले दहा नंदी, ते ओढणारे सगळे सुधाताईपेक्षा मोठे, म्हणून तेही पोरांत धरता येत नाहीत. शिल्लक शून्य. ताई हरली. भाऊरावांनी चष्मा लावला, लाल पेन मागितलं आणि नवावर रेघ मारली. दहावर मारताना त्यांचा हात जरा थांबला. मग विचारलं की मास्तर, ह्या नियमानं बघितलं तर आमची पोरं कुठल्या गावात धरता. मी म्हटलं, जिथं आहेत तिथं. ते म्हणाले, तिथंही त्यांना कोणी आपलं धरत नाही म्हणतात. मी लाल पेनाला टोपण लावून दिलं. पण कोणी भांडलं नाही, कोणी मला लबाड म्हटलं नाही. मी दुसरं भाषण तयार करून नेलं होतं, ते खिशातच राहिलं. खरं सांगायचं तर थोडा अपमान वाटला.

दोन तारखेला तुला नागपूरच्या बसमध्ये बसवलं. तू खिडकीतून शेवटपर्यंत सांगत होतीस की कोणाच्या डबीत कुठल्या गोळ्या, आणि दिवाळीपर्यंतच्या भरून ठेवल्या आहेत. बस गेल्यावर रामाजी आणि मी स्टँडवर चहा प्यायला बसलो. मी सहज म्हटलं, ताईची पैज मोठी चमत्कारिक. ते म्हणाले, त्यात काय चमत्कारिक, पहिलटकरणीपाशी माणूस नको का.

मी तर तोंडातून शब्द काढला नव्हता. त्यांनी सांगितलं की सुधाबाई दहाही घरी मऊ लुगडी मागत फिरल्या आणि बाजारातून दोन किलो चिंच आणली, त्या दिवशीच सगळ्या बायांना समजलं. मागल्या दिवाळीचे पेढे सगळ्यांनीच खाल्ले होते, म्हणून ह्या वेळी सगळ्यांनी मिळून ठरवलं की आपल्याला काही माहीत नाही. म्हणजे अख्खी गल्ली तुझ्यापासून तुझंच गुपित लपवत होती आणि तू त्यांच्यापासून. मधल्यामधे न कळणारा मी एकटाच.

मी विचारलं, माहीत होतं तर मग त्या दिवशी नंदी कशाला ओढले. त्यांनी गुडघ्याचा पट्टा सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाले, माहीत होतं म्हणूनच ओढले. त्यांना जा म्हणणं भाग होतं, राहा म्हणायला तोंड नव्हतं. पैजेत नंदी ओढायला मनाई नव्हती.

मला ह्यातलं अर्धंच समजलं, ताई. तुला थांबवलं ते चूक की जाऊ दिलं ते चूक, ह्याचा मी तीन दिवस विचार करून राहिलो. गल्लीत आता पंधरा माणसं, आणि सगळ्यात लहान सहासष्टची. तिला परवापासून पोरगी म्हणू लागले आहेत आणि ती रागावली आहे. हैद्राबादेत तू एक वाढलीस, आणि एक यायचं आहे. बेरीज कुठं करायची ते मला ठरवता येत नाही. ते पोर आलं की त्याला तान्ह्या पोळ्याला कुठल्या दारात पाठवायचं? चौदाव्या मजल्यावर नंदी लिफ्टनं उतरतो का, मयूरला विचार.

माझे अकरा दिवाळीनंतर दहा होतील. डिंपलच्या बापाला नागपूरला काम लागलं. ती काल शाळा सुटल्यावर घरी आली आणि प्रतिभाला बारा सुया ओवून, खडूच्या डबीत टोचून देऊन गेली. लांब दोरा घातला आहे, म्हणाली, म्हणजे पुरेल. मी तिला कितीतरी पाढे शिकवले, पण हा हिशेब तिनं आपल्या मनानं केला.

वृषालीस आशीर्वाद सांग. मला काही माहीत नाही असं समजूनच सांग. लोभ जिथं असशील तिथं मुक्कामी धरावा.

तुझा,
मोरेश्वर

ता. क. तुझ्या पिशवीच्या तळाशी, लुगड्यांच्या घडीखाली, वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी आहे. बसमध्ये पिशवी वर ठेवताना सरकवली, तुला तेव्हा सांगितलं नाही. एखाद-दुसरा फुटला असेल. मोजून घे, सत्तावीस आहेत.